संपादक व्हायचंय, पण कुणाला दुखवायचं नाही

ताई,
आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं एक साहित्यिक नियतकालिक निघतं, वर्षाला दोन अंक. मी दोन वर्षं त्यात काम करतेय. पहिल्या वर्षी प्रुफं वाचली, दुसऱ्या वर्षी कथा विभागात आलेल्या साहित्यावर टिपणं लिहिली. आता संपादकाची निवड आहे. इच्छुकांनी पानभर निवेदन द्यायचं, सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलायचं आणि मग मंडळातले सगळे मत देतात. माझ्यासमोर उभा आहे तो माझा चांगला मित्र आहे. कविता उत्तम करतो आणि मंचावर उभा राहिला की सभा जिंकतो. मला चारचौघांत बोलताना घाम फुटतो. माझ्या स्वतःच्या दोन कथा याच अंकाकडून परत आल्यात आणि ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या संपादकांनी स्वतःच्या चार कविता छापल्या, त्यावरून अजून कुजबुज चालू असते. मैत्रिणी म्हणतात, ‘सगळ्यांचं साहित्य घेऊ’ असं सांग, मतं पडतील. एक जण म्हणतो, ‘प्राध्यापकांची कात्री बंद करू’ म्हण, टाळ्या मिळतील. मला अंक चांगला काढायचाय आणि कुणाला दुखवायचं नाहीये. उभी राहू का? राहिले तर बोलू काय?
— कथा विभागातली

प्रिय कथा विभागातली,

उभी राहा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. अंक चांगला काढायचाय आणि कुणाला दुखवायचं नाहीये. या दोन्ही इच्छा चांगल्याच आहेत, पण त्या एका अंकात मावत नाहीत. मंचावरच्या घामापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. घाम पाच मिनिटांनी सुकतो. ‘नाही’ म्हणायचं काम मात्र वर्षभर चालतं, आणि ज्यांना नाही म्हणायचं ते रोज समोर भेटणारे असतात. वर्गातले, एकाच बाकावरचे.

थोडं गणित करून बघ. छपाईला कागद फॉर्माने जातो, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकत्र छापतात, बहुतेकदा सोळा पानांचा एक फॉर्म. समजा तुमचा अंक चार फॉर्मांचा, म्हणजे चौसष्ट पानांचा आहे. त्यातून शीर्षकाचं पान, श्रेयनामावली, अनुक्रमणिका आणि संपादकीय काढलं की साठ पानं उरली. कविता पानाला एक धरली आणि वीस कविता घेतल्या, तर उरली चाळीस. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाएवढ्या आकाराच्या पानावर गद्याचे साधारण तीनशे ते साडेतीनशे शब्द बसतात. चाळीस पानांत बारा ते चौदा हजार शब्द. दोन-दोन हजारांच्या चार कथा, दोन लेख, एखादा अनुवाद, संपलं. आता गेल्या खेपेला तुमच्याकडे किती साहित्य आलं होतं ते आठव. ‘सगळ्यांचं घेऊ’ हे आश्वासन द्यायला तुला मन मोठं करावं लागणार नाही, पानं वाढवावी लागतील. आणि पानंही एकेक करून वाढत नाहीत. पासष्टावं पान हवं असेल तर आणखी अख्खा किंवा निदान अर्धा फॉर्म घ्यावा लागतो आणि मग तो भरावाही लागतो.

शिवाय सगळ्यांचं छापलं तर अंक वाचणार कोण? ज्याचं त्याचं पान जो तो वाचणार. सगळ्यांचं छापणाऱ्या अंकात छापून येण्याला काडीची किंमत राहत नाही, हे छापून येणाऱ्यालाही दोन दिवसांत कळतं. तेव्हा हे आश्वासन देऊ नकोस. दुसऱ्या कुणी दिलं तर उठून विरोधही करू नकोस. एवढंच विचार, ‘फॉर्म किती वाढवायचे?’

‘नाही’ कसं म्हणायचं ते मात्र ठरवून टाक. माझ्या मते तुझ्या निवेदनाचा कणा तोच असायला हवा. विद्यार्थ्यांच्या अंकांबद्दल सगळ्यात जास्त राग असतो तो नकाराचा नसतोच. राग असतो काहीच न कळण्याचा. मुलगा कथा देतो, तीन महिने वाट बघतो, अंक निघतो, अनुक्रमणिकेवरून दोनदा बोट फिरवतो आणि आपलं नाव नाही हे त्याला तिथे कळतं. पुन्हा तो काही पाठवत नाही. तुमच्या अंकाकडे दरवर्षी कमी साहित्य येत असेल तर कारण बहुधा हेच असणार.

‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन यांचं नाव तू ऐकलं असशील. साहित्य परत करताना नवख्या लेखकालाही ते सविस्तर पत्र लिहायचे, कथा कुठे घसरली ते दाखवायचे, पुन्हा लिहून पाठवा म्हणायचे. अशा परतीच्या पत्रांवर मराठीतले कितीतरी लेखक घडले. तुझ्याच्याने प्रत्येकाला लांब पत्र होणार नाही आणि गरजही नाही. चार ओळी पुरतात. एक, तुमची कथा आम्ही दोघांनी वाचली. दोन, या अंकात घेत नाही आहोत. तीन, आवडलेली एक नेमकी जागा. चार, अडलेली एक नेमकी जागा. ‘विषय चांगला आहे, मांडणीवर काम करा’ ही नेमकी जागा झाली नाही, ते कुठल्याही कथेला चिकटतं. ‘बस चुकल्यावर तो घरी परत जातो, पण घरात कुणी त्याला काही विचारत नाही, ते वाचताना थांबले. मात्र शेवटी त्याला पत्र सापडतं ते कुणी ठेवलं हे कळलंच नाही’, असं लिहिलंस की ज्याला मिळेल त्याला कळतं की आपली कथा कुणीतरी खरोखर वाचली. तो चिडेल कदाचित, पण पुढच्या वेळी पाठवेल.

दुसरी ओळ मऊ करत बसू नकोस, हेही सांगते. ‘या वेळी जागेअभावी शक्य झालं नाही’ असं लिहिलं की समोरचा तीच कथा तशीच पुढच्या अंकाला पाठवतो. मग तू काय लिहिणार?

आता तुझ्या परत आलेल्या दोन कथांबद्दल. त्या लपवायच्या कशाला? निवेदनात एका वाक्यात लिही. ‘माझ्या दोन कथा या अंकाकडून परत आल्या आहेत’, आणि पुढे काही जोडू नकोस. त्यावर विनोद नको, आणि ‘तरीही मी खचले नाही’ असलं तर मुळीच नको. ज्यांच्या कथा परत आल्यात ते मतदारांतही असणार. शिवाय उत्तम लिहिणारा आणि उत्तम संपादन करणारा हे एकाच माणसात असतातच असं नाही. असतात तेव्हा आनंदच आहे. इंग्रजीतला मोठा कवी टी. एस. एलियट विद्यार्थी असताना ‘हार्वर्ड ॲडव्होकेट’च्या मंडळात होता आणि पुढे त्याने संपादनही मन लावून केलं. हे विद्यार्थ्यांचं नियतकालिक १८६६ पासूनचं. पण त्यात काम करून गेलेल्या कितीतरी जणांची नावं कवी म्हणून कुणाला माहीत नाहीत, आणि अंक त्यांनीच निघता ठेवला.

एलियटचं नाव निघालंच आहे तर आणखी एक सांगते, कारण ते तुला निवडीच्या कामात उपयोगी पडेल. त्याची पहिली महत्त्वाची कविता एझ्रा पाउंड या कवीने १९१४ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाकडे धाडली. संपादिका हॅरिएट मन्रो. बाई नव्या कवितेच्या बाजूच्या होत्या, त्यासाठीच १९१२ मध्ये त्यांनी मासिक काढलं होतं. तरी ही कविता त्यांच्या गळी उतरेना. पाउंड त्यांचा परदेशातला प्रतिनिधी होता, तो पत्रांवर पत्रं लिहून मागे लागला. अखेर १९१५ च्या जूनच्या अंकात कविता आली, तीही कवितांच्या शेवटी. मला यात मन्रोबाईंची चूक वाटत नाही. न आवडलेली कविता त्यांनी दुसऱ्या कुणाला आवडली म्हणून छापली, आणि संपादकाला हे फार जड जातं. मात्र असा हट्ट धरणारा कुणी आपल्या मंडळात असायला हवा आणि त्याच्या हट्टाला नियमात जागा हवी.

म्हणून असं सुचवते. साहित्य वाचताना नावं काढून टाका, त्या जागी क्रमांक घाला. वाचणाऱ्यांनी आपापली टिपणं आधी लिहायची, एकमेकांशी नंतर बोलायचं. हे तुम्ही करतही असाल. त्यावर एक भर घाल. प्रत्येक वाचकाला अंकामागे एक हट्ट. बाकी सगळे ‘नको’ म्हणाले तरी त्याला हवी असलेली एक कथा किंवा कविता पुन्हा चर्चेला येईल आणि का हवी ते त्याने पाच मिनिटं सांगायचं. प्रत्येक हट्ट पुरवला जाईलच असं नाही. पण बहुमताने निवडलेले अंक बहुधा मधल्या चवीचे होतात. कुणालाच न खटकणारं तेवढं आत येतं.

नावं काढली तरी ओळखीचं अक्षर आणि ओळखीची शैली लपत नाही, हे मला मान्य आहे. तुझ्या मित्राची कविता तू पहिल्या ओळीत ओळखशील. पण नाव नसलं की निदान बोलताना कवितेबद्दल बोलावं लागतं.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून लिहून घेतलेल्या साहित्याचं काय, हा प्रश्न तुला हमखास विचारतील. ते ओळखून देणाऱ्या साधनांवर विसंबू नकोस, ती चुकतात आणि खऱ्या लेखकावर आळ येतो. लेखकाकडून लेखी हमी घ्या आणि शंका आली तर आधीचे खर्डे मागा, चर्चेला बोलवा. स्वतः लिहिलेल्या कथेवर माणूस भांडतो. कुठलं वाक्य का ठेवलं हे त्याला सांगता येतं.

स्वतःच्या लेखनाबद्दलचा नियम उभी राहण्याआधीच कर. मागच्या संपादकांच्या चार कवितांवरची कुजबुज तू लिहिलीसच. कविता चांगल्या असतीलही, तो मुद्दा नाही. निवडणाऱ्याने स्वतःला निवडलं की बाकीच्या सगळ्या निवडीवर त्याची सावली पडते. सरळ लिहून दे की संपादक असेपर्यंत संपादकीयाखेरीज माझं काही अंकात येणार नाही. काही जण म्हणतील, इतरांनी निवडलं तर काय हरकत? हरकत ही की इतरांना तू उद्या काम सांगणार आहेस. या नियमाने तुला वर्षभर तुझ्या कथांवर पाणी सोडावं लागेल, तेही तुमच्या अंकापुरतं. बाहेर पाठव की. बाहेरचे संपादक तुला ओळखत नाहीत, ते तर उत्तमच.

यात मतं मागण्यासारखं काय आहे, असं तुला वाटेल. मित्राकडे कविता आहे, आवाज आहे, तुझ्याकडे नियम आणि परतीची पत्रं. पण दोन वर्षांत तू जे काम केलंस ते तू पत्रात एका ओळीत उरकलंस. मी असते तर त्याच्यावरच बोलले असते. कथेवर टिपण लिहिणं म्हणजे काय ते बहुतेक मतदारांनी पाहिलेलंच नसतं. ते त्यांना दाखव.

उदाहरण घे. विद्यार्थ्यांच्या कथा बहुधा अशा सुरू होतात: ‘पहाटेची वेळ होती. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू झाला होता. खिडकीतून कोवळं ऊन आत येत होतं. अमृता अंथरुणातच पडून होती. आज तिला उठावंसंच वाटत नव्हतं.’ मग दीड पान अमृता पडून असते. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य येतं: ‘सातव्यांदा फोन लावला तरी आईने उचलला नाही.’ कथा इथे सुरू होते. आधीचं दीड पान लेखक कथेच्या दारापर्यंत चालत येत होता. ते चालणं त्याला हवं होतं, वाचकाला नको आहे. हे लेखकाला सांगायचं, पण स्वतः कापायचं नाही. पेन्सिलीने खूण करायची, ‘इथून सुरू केली तर?’ असं लिहायचं आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा. त्याने पहाट ठेवायचीच म्हटली तर बघ, पहाटेसकट कथा घेण्याजोगी आहे का. असेल तर घे. लेखकाला न विचारता वाक्य बदलणारा संपादक एकदाच भेटावा लागतो, पुढे लेखक त्या अंकाकडे फिरकत नाही.

पाच मिनिटांत हे असं एक उदाहरण पुरतं. कागदावर दोन्ही सुरुवाती छापून ने, सगळ्यांच्या हातात दे आणि वाचायला सांग. लेखकाचं साहित्य परवानगीशिवाय वापरू नकोस, स्वतः रचलेलं ने. किंवा तुझ्या परत आलेल्या कथेतलं ने, तेही छान होईल. यात तुझा फायदा असा की सगळे कागदाकडे बघत असतील, तुझ्याकडे नाही. घाम फुटणाऱ्यांसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. बाकी भाषण पाठ करू नकोस. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं ठेव, मधलं तुला येतंच, कारण ते तू केलेलं आहेस.

प्रुफांचंही असंच. कुणाला त्यात रस नसतो आणि अंक हातात आल्यावर सगळे तेवढंच बघतात. तू वाचलीस म्हणून तुला माहीत आहे की एका फॉन्टमधून दुसऱ्यात मजकूर नेला की ‘ऱ्या’ आणि रफार आधी मोडतात. सगळ्यात मोठ्या चुका सगळ्यात मोठ्या अक्षरात राहतात, कारण शीर्षकं कुणी वाचतच नाही. अनुक्रमणिकेतले पानक्रमांक अगदी शेवटी, पानं पक्की झाल्यावर ताडावे लागतात. कवितेची लांब ओळ पानात मावली नाही की मांडणी करणारा ती खाली वळवतो आणि वाचणाऱ्याला ती नवी ओळ वाटते. कवीने ओळ जिथे तोडली नव्हती तिथे ती आपण तोडलेली असते. वळवलेल्या ओळीला आत सरकवून घ्यायचं, किंवा त्या कवितेचा टंक बारीक करायचा, पण कवीला अंतिम प्रूफ दाखवल्याशिवाय पान सोडायचं नाही. तुझा मित्र उत्तम कवी आहे म्हणतेस. ही गोष्ट त्याला सांग. संपादक कुणीही झालं तरी तो ती लक्षात ठेवेल.

निवेदनात एक वेळापत्रक घाल, उलट्या दिशेने मांडलेलं. प्रकाशनाच्या दिवसापासून मागे मोजत जा. छपाई आणि बांधणीला दोन आठवडे, मांडणी आणि प्रुफांना तीन, लेखकांबरोबरच्या संपादनाला चार, वाचन आणि निवडीला तीन, आवाहन करून साहित्य मागवायला सहा. झाले अठरा आठवडे. मध्ये परीक्षा येणार, म्हणजे वीस-बावीस. तुमच्याकडे ही आकडेमोड थोडी वेगळी होईल, पण कागदावर मांडली की एक गोष्ट दिसते. बहुतेक अंकांत ते चार आठवडे, म्हणजे लेखकाबरोबर बसायचे, वेळ कमी पडला म्हणून सर्वांत आधी कापले जातात. अंक मग संपादित होत नाही, नुसता गोळा होतो. ते चार आठवडे मी राखेन, एवढं एक आश्वासन तू बेलाशक दे.

आता कात्री. ‘प्राध्यापकांची कात्री बंद करू’ हे वाक्य टाळ्यांचं आहे, यात शंका नाही. पण आधी मला सांग, कात्री आहे का? गेल्या दोन वर्षांत मार्गदर्शक प्राध्यापकांनी नेमकं काय काढायला लावलं? की अंक त्यांच्या नजरेखालून जातो म्हणून तुम्हीच आधी काढलंत? मी पाहिलेल्या विद्यार्थी-अंकांत दुसरा प्रकार जास्त असतो. आणि अंतिम शब्द कुणाचा, हे तुमच्याकडे कुठे लिहून ठेवलंय का? नसेल तर निवड होण्याआधी प्राध्यापकांना भेट आणि साधा प्रश्न विचार: एखाद्या कथेवर आपलं जमलं नाही तर काय करायचं? वाद नसताना हा प्रश्न विचारता येतो. वाद पेटल्यावर त्याचं उत्तर कुणी शांतपणे देत नाही.

या बाबतीत ‘शिकागो रिव्ह्यू’ची हकीकत माहीत असलेली बरी. शिकागो विद्यापीठातलं हे विद्यार्थी चालवत असलेलं नियतकालिक १९४६ पासूनचं. १९५८ मध्ये संपादक अर्व्हिंग रोझेंथल याने विल्यम बरोज वगैरे तेव्हाच्या नव्या, वादग्रस्त लेखकांचं लेखन छापलं. एका वृत्तपत्राच्या सदरात त्यावर ‘गलिच्छ’ म्हणून झोड उठली आणि विद्यापीठाने पुढचा हिवाळी अंक ठरल्याप्रमाणे काढू दिला नाही. रोझेंथल आणि त्याचे बहुतेक सहकारी राजीनामा देऊन बाहेर पडले आणि अडवलेलं साहित्य घेऊन १९५९ मध्ये ‘बिग टेबल’ नावाचं नवं नियतकालिक काढलं. टपाल खात्याने त्याच्या प्रती अडवल्या. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९६० मध्ये न्यायाधीशांनी ते अश्लील नसल्याचा निकाल दिला.

ही गोष्ट लोक बंडाची म्हणून सांगतात आणि ती आहेच. मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे रोझेंथलने ‘मी कात्री बंद करतो’ असं म्हणून सुरुवात केली नव्हती. त्याला जे लेखन चांगलं वाटलं ते त्याने छापलं आणि ते सोडायची वेळ आली तेव्हा खुर्ची सोडली. दुसरी म्हणजे मंडळातला एक जण मागे राहिला, त्याने ‘शिकागो रिव्ह्यू’ पुढे चालवलं आणि ते आजही निघतं. त्याला भित्रा म्हणणारे तेव्हा होते, आताही असतील. मी म्हणत नाही. तू कुठल्या बाजूला असशील हे आज ठरवायची गरज नाही. कुठल्या एका गोष्टीसाठी तू राजीनामा देशील, एवढं मात्र मनाशी ठरवून ठेव आणि कुणाला सांगू नकोस. प्रचारात वापरलेला राजीनामा पुढे कुणी खरा धरत नाही.

गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ असलीही आश्वासनं चालतात. त्यावर वेळ घालवू नकोस. १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या कवींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून साध्या कागदावर प्रती काढून. चित्रे तेव्हा सतराच्या आसपासचे होते. त्या कागदाबद्दल आज कुणी तक्रार करत नाही.

प्रचार कसा करायचा हे तू विचारलं नाहीस, पण करावा लागेल. मंडळातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने पंधरा-वीस मिनिटं बोल. मत मागू नकोस. गेल्या अंकात काय अडलं ते विचार आणि समोर बसून लिहून घे. विशेषतः पहिल्या वर्षाच्या मुलांना भेट. पाकिटं फोडणं, यादी करणं, टंकन, गठ्ठे उचलणं ही कामं त्यांच्याकडे असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. एकाशी एक बोलताना तुला घाम फुटतो असं तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे ही तुझी जागा आहे. ऐकलेलं सगळं निवेदनात कोंबू नकोस. दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं असेल, तेवढं घे.

आणि तुझा मित्र. तू उभी राहणार हे त्याला तुझ्याकडून कळू दे, अर्ज देण्याआधी. ‘तू संपादक हो, मी सहसंपादक’ किंवा ‘दोघे मिळून करू’ असा तह निवडणूक टाळायची म्हणून करू नका. दोन संपादकांचा अंक निघू शकतो, पण मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरलेलं असेल तरच, आणि मैत्रीत लोक नेमकं तेच ठरवायचं टाळतात. तू निवडून आलीस तर त्याला कविता विभाग विचार. लगेच विचार, आठवड्यानंतर नाही. त्याच्या कविता नाव काढूनच येतील आणि त्यांच्या निवडीच्या वेळी तो बाहेर बसेल, हेही त्याच वेळी सांग. त्यातली एखादी परत करायची वेळ येईल. ते पत्र तूच लिहायचंस, चार ओळींचं, तिसरी आणि चौथी ओळ नेमकी. हे तुला जमेल का, याचा विचार अर्ज भरण्याआधी एकदा कर. नाही जमणार असं वाटलं तर कथा विभाग आणखी एक वर्ष सांभाळ, तेही काम मोलाचं आहे आणि ते तुला आवडतंय हे पत्रात दिसतं.

हरलीस तर त्याच्याकडून दुसरं काही मागू नकोस, परतीच्या पत्रांचं काम मागून घे. कुणीही ते आनंदाने देऊन टाकेल.